दगडाला वाचा फुटते ती कशी? भा. रा. तांबे यांच्या झाशीच्या राणीवरील कवितेचा छंद, यमक आणि बांधणी

ग्वाल्हेरला फूलबागेजवळ राणी लक्ष्मीबाईंची समाधी आहे. बाहेरगावचा मराठी पाहुणा आला की आपण त्याला किल्ला दाखवतो, तानसेनाची कबर दाखवतो आणि या समाधीपाशी नेतो. तिथे उभं राहिलं की पन्नाशीच्या पुढच्या बहुतेक पाहुण्यांच्या ओठांवर एकच कविता येते. ती भास्कर रामचंद्र तांबे यांची. समाधीपाशी येणाऱ्या देशबांधवाला थांबवणारी ही कविता मराठी शाळांतून पिढ्यान्‌पिढ्या पाठ केली गेली.

पाठ झालेल्या कवितेचं एक होतं. ती जिभेवर इतकी बसते की तिची बांधणी कशी आहे याकडे कुणी पाहात नाही. आपल्या मंडळात या कवितेचा विषय निघाला की दोन मतं ठरलेली असतात. काही जण म्हणतात, हा पोवाडा आहे, डफावरच म्हणायला हवा. काही जण म्हणतात, हे शोकगीत आहे, त्याला आवेशात म्हणणं म्हणजे समाधीपुढे आरडाओरड करणं. दोन्ही बाजू दाखले देतात ते अर्थाचे. मला वाटलं, एकदा मात्रा मोजून पाहाव्यात. या निबंधात तेच केलं आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. कविता दोन्ही आहे, पण एकाच वेळी नव्हे. ती शिलालेखासारखी सुरू होते आणि शाहिरी होत जाते. हा बदल तिच्या मात्रांत आणि यमकांत मोजून दाखवता येतो. स्वातंत्र्याविषयी तिला जे म्हणायचं आहे त्यातला मोठा भाग तिच्या चालीत आहे. मूळ ओळी मी इथे उतरवून देत नाही. वाचकांनी आपली प्रत समोर ठेवून माझ्याबरोबर मोजत जावं.

कवी, राणी आणि आपलं गाव

तांबे यांचा जन्म १८७३ सालचा, जुन्या ग्वाल्हेर संस्थानातल्या मुंगावलीचा. शिक्षण झाशी आणि देवास इथे झालं. पुढचं आयुष्य देवास, इंदूर, ग्वाल्हेर असं मध्य भारतातल्या संस्थानांतच गेलं. १९३७ साली ते ग्वाल्हेरचे राजकवी झाले आणि १९४१ साली इथेच वारले. म्हणजे राणीचं राज्य असलेलं गाव त्यांनी मुलाच्या वयात पाहिलं, आणि राणी जिथे पडली त्या गावात त्यांची अखेर झाली. राणीचं माहेरही तांबे. मोरोपंत तांबे यांची ती मुलगी, लग्नाआधीची मणिकर्णिका. कवितेत तांबे आणि नेवाळकर ही माहेर-सासरची दोन्ही कुळं आदरानं येतात.

आता इतिहासाची बाजू. १८५३ साली गंगाधरराव नेवाळकर वारले आणि १८५४ साली इंग्रजांनी झाशी खालसा केली. १८५८च्या मार्च-एप्रिलमध्ये ह्यू रोजनं झाशीला वेढा घालून ती घेतली. राणी काल्पीला गेली, आणि काल्पी पडल्यावर तात्या टोपे, रावसाहेब पेशवे यांच्यासह ग्वाल्हेरकडे वळली. १ जून १८५८ला शिंद्यांची फौज त्यांना जाऊन मिळाली आणि जयाजीराव शिंदे आग्र्याला निघून गेले. पुढे तीन आठवडेसुद्धा झाले नाहीत. कोटा की सराय इथल्या लढाईत राणी जखमी झाली आणि तिचा अंत झाला. तारीख १७ जून की १८ जून हा वाद जुना आहे. स्वर्णरेखा नाल्याशी घोडं अडलं आणि गंगादासांच्या मठापाशी तिचे अंत्यविधी झाले, ही आठवण ग्वाल्हेरात आजही सांगितली जाते.

हे सगळं इथे मांडण्याचं कारण आहे. ग्वाल्हेरच्या मराठी माणसाला ही समाधी सोपी नाही. आपल्यापैकी बहुतेकांचे पूर्वज शिंद्यांच्या चाकरीत आले. लष्कर हे आपलं वस्तीचं नाव मुळात दौलतराव शिंद्यांच्या छावणीचं. राणीला मिळालेले शिपाई आपल्या गावचे आणि आग्र्याला गेलेले महाराजही आपलेच. तेव्हा या दगडापुढे उभं राहून ग्वाल्हेरकर मराठी कवीनं काय म्हणावं, हा प्रश्न वरवरचा नव्हता. वर कवीचं पोट संस्थानी चाकरीवर, आणि संस्थानावर इंग्रजांची नजर. तांबे यांनी वाट काढली ती रचनेतून.

आधी मात्रा मोजू या

ज्यांना छंदशास्त्राची सवय नाही त्यांच्यासाठी नियम थोडक्यात. ऱ्हस्व अक्षराची एक मात्रा, त्याला लघु म्हणतात. दीर्घ अक्षराच्या दोन, त्याला गुरू म्हणतात. अनुस्वार असलेलं अक्षर गुरू. पुढे जोडाक्षर आलं आणि त्याचा आघात मागच्या ऱ्हस्वावर पडला तर तोही गुरू. 'चांदण्यातला' हा शब्द घ्या: चां दोन, द एक, ण्या दोन, त एक, ला दोन. एकूण आठ.

मराठी पद्यरचनेचे तीन मोठे प्रकार आपण मानतो. अक्षरांचा क्रम ठरलेली वृत्तं, उदाहरणार्थ शार्दूलविक्रीडित. फक्त अक्षरांची संख्या पाहणारे छंद, उदाहरणार्थ अभंग. आणि मात्रांच्या आवर्तनांवर चालणाऱ्या जाती. ही व्यवस्था नीट लावून दिली ती 'छंदोरचना'कार माधव जूलियन यांनी, म्हणजे मा. त्र्यं. पटवर्धन यांनी. ते जन्मानं बडोद्याचे. योगायोग असा की १९३५ साली तांबे यांची समग्र कविता संपादून प्रसिद्ध केली तीही त्यांनीच. बडोद्यात जन्मलेला छंदशास्त्री आणि ग्वाल्हेरचा कवी यांची ही गाठ आपल्यासारख्या महाराष्ट्राबाहेरच्या मराठी मंडळींनी लक्षात ठेवण्याजोगी आहे.

राणीवरची कविता जातीत आहे. आठ मात्रांचं आवर्तन, ज्याला माधव जूलियन पद्म म्हणतात, तिचा पाया. गाणाऱ्याच्या भाषेत सांगायचं तर केरव्याचं आवर्तन. कवितेतली लांब ओळ अठ्ठावीस मात्रांची आहे आणि ती अशी पडते: आधी दोन मात्रा, मग आठ, आठ, आठ, आणि शेवटी दोन. पहिल्या दोन मात्रा तालाच्या आधीच्या आहेत. टाळी त्यांच्यावर पडत नाही, पुढच्या अक्षरावर पडते. कवितेचं पहिलं अक्षर म्हणजे नुसती हाक. ती तालाबाहेर राहते, आणि ज्याला हाक मारली त्याच्या संबोधनावर टाळी येते. वाटेनं जाणाऱ्याला आपण 'अहो' म्हणतो, तो वळून पाहतो, आणि मग बोलणं सुरू होतं, तसंच हे.

पुस्तकात पहिली लांब ओळ दोन तुकड्यांत छापलेली दिसते: अठरा मात्रा आणि दहा मात्रा. डोळ्याला दोन ओळी, कानाला एकच. अठरा आणि दहा, बेरीज अठ्ठावीस.

काही कडव्यांतल्या छोट्या ओळी तेरा मात्रांच्या आहेत: दोन, आठ, तीन. शेवटचं अक्षर ऱ्हस्व आहे. म्हणताना आपण ते किंचित लांबवतो किंवा त्यापुढे एक मात्रा गप्प राहतो, म्हणजे चौदा होतात. चौदा हे अठ्ठाविसाचं नेमकं निम्मं. त्यामुळे दोन छोट्या ओळी मिळून एका लांब ओळीइतका वेळ घेतात. ढोलकीवाल्याला ही कविता दिली तर त्याला कुठेही हात थांबवावा लागणार नाही.

थांबणारी ओळ आणि धावणारी ओळ

एवढ्यावर थांबलो तर 'पद्मावर्तनी जाती' असा शिक्का मारून विषय संपेल. खरी गंमत आठ मात्रांच्या घराच्या आत आहे.

पहिल्या ओळीत आठ मात्रांची तीन घरं आहेत आणि ती तिन्ही हुबेहूब सारखी आहेत: गुरू, लघु, गुरू, लघु, गुरू. शिकवताना आपण 'गालगालगा' म्हणतो ते. 'चांदण्यातला' हा शब्द याच घराचा. हळू म्हणून पाहा. मात्रा तीन, तीन, दोन अशा पडतात. आठ मात्रांचं सरळ घर चार-चारनं चालतं, सैनिकाच्या पावलासारखं. तीन-तीन-दोन म्हटलं की पाऊल अडखळतं. एकदा अडखळलं तर तो योगायोग मानता येईल. लागोपाठ तीनदा अडखळतं तेव्हा कवीनं ते मुद्दाम केलं आहे. ही ओळ वाटसरूला थांबायला सांगते, आणि तिची चालही थांबत थांबत आहे. घाईनं म्हणताच येत नाही ती.

दुसरी लांब ओळ, जी पुढे ध्रुवपदाचं काम करते, तिच्यात मधलं घर तसंच गालगालगा राहतं. दोन्ही कडेची घरं मात्र लघूनं सुरू होतात. अडखळणं थोडं सैल झालं आहे. राणीचं तेज इथे मावळलं, असा त्या ओळीचा आशय. थांबलेला माणूस आता खाली दगडाकडे पाहतो आहे.

मग कडवं येतं आणि घोडा येतो. छोट्या तीन ओळी. प्रत्येकीत एकेकच पूर्ण घर, म्हणून टाळ्या लवकर लवकर पडतात. वाक्य पुरं होण्याआधीच ओळ संपते. राणी घोड्यावर, हाती शस्त्र, शस्त्राचे वार. तीन चित्रं, तीन ओळी, मध्ये दम घ्यायला जागा नाही.

त्यानंतरच्या लांब ओळीत तांबे यांचा कान किती तयार होता ते कळतं. राणी इंग्रजांचा वेढा फोडून इथवर आली, हा तिचा आशय. दोन मात्रांची उठावण झाली की पहिल्या घरात चार गुरू सलग आहेत. लघु एकही नाही. जड, बंद, हलायला जागा नसलेलं घर. आणि त्याच घरात वेढ्याचा शब्द आहे. पुढच्या घरात वेढा फुटतो, आणि तिथे गुरू-लघु-लघु, गुरू-लघु-लघु अशी चाल येते. 'धावत नाचत' म्हणून पाहा, तीच ही चाल. चार-चार मात्रांची दौड. चार जड अक्षरांचा बांध आणि लगेच तो फुटून निघालेली धार! अर्थ बाजूला ठेवून नुसतं 'गागागागा, गाललगालल' म्हटलं तरी काहीतरी अडलं होतं आणि सुटलं हे कानाला कळतं.

पोवाडा की शोकगीत या वादाचं माझ्यापुरतं उत्तर इथे आहे. सुरुवातीच्या ओळी तीन-तीन-दोनच्या, थबकणाऱ्या. कडव्याच्या ओळी दौडणाऱ्या. कडवं संपलं की कविता ध्रुवपदाकडे, म्हणजे पुन्हा समाधीपाशी येते. धावून आलेला घोडा दर वेळी याच दगडाशी थांबतो. राणीचा शेवटचा प्रवासही असाच झाला होता.

यमक: बाहेर जाणं आणि घरी येणं

यमकांची रचना याच प्रवासाशी जुळते. लांब ओळींना सगळीकडे एकच यमक आहे: 'आळी' किंवा 'आली' या ध्वनीचं. त्याला आपण घरचं यमक म्हणू. कडव्यातल्या तीन छोट्या ओळींना त्या त्या कडव्यापुरतं वेगळं यमक आहे, आणि तीन ओळी झाल्या की लांब ओळ पुन्हा घरच्या यमकावर येते.

घोड्याच्या कडव्यात छोट्या ओळी 'आर'वर संपतात आणि शेवटच्या कडव्यात 'ईर'वर. दोन्हीकडे शेवटचं अक्षर ऱ्हस्व र. बोलताना तो र अर्धाच उच्चारला जातो, तोंड मिटल्यासारखं होतं, वार बसल्यासारखं वाटतं. घरचं यमक मात्र दीर्घ ईकारावर संपतं. तो लांबवता येतो, त्यावर सूर धरता येतो, रडताही येतं. बाहेर लढाई, घरी विलाप. ही वाटणी व्यंजनं आणि स्वर यांच्यातच झालेली आहे.

तीन सयमक तुकडे आणि चौथा वेगळा, ही घडण मराठी कानाला नवी नाही. ज्ञानेश्वरीतली ओवी हीच आहे: पहिल्या तीन चरणांना यमक आणि चौथा चरण आखूड, यमकाविना, मोकळा सोडलेला. तांबे यांनी ठेवला तो हाच सांगाडा, पण चौथ्या भागाचं उलट केलं. ओवीतला चौथा चरण लहान, इथली चौथी ओळ दुप्पट लांब. ओवीत चौथा चरण सुटा, इथे चौथी ओळ ध्रुवपदाच्या यमकाला बांधलेली. ओवी पुढच्या ओवीकडे वाहत जाते, हे कडवं मागे समाधीकडे वळतं. शाहिरांच्या लावण्या-पोवाड्यांतही छोट्या तुकड्यांनंतर लांब ओळीनं ध्रुवपद गाठायची रीत आहे, आणि तांबे यांना ती ठाऊक असणारच. गाण्याचा कान असलेला हा कवी. कवितांवर रागांची नावं घालणारा.

ळ, ल आणि ऱ्हस्व इकार

आता एक खास आपल्या गावचा मुद्दा. घरच्या यमकात तांबे ळ आणि ल यांची जोडी बिनदिक्कत लावतात. कवितेची सुरुवातीची यमकाची जागा ळीनं भरली आहे, ध्रुवपदाची लीनं आणि अगदी शेवटच्या ओळीची पुन्हा ळीनं. पुण्याच्या कानाला ही जोडी किंचित सैल वाटेल. ग्वाल्हेरात, जिथे चारी बाजूंनी हिंदी आहे आणि हिंदीत ळ नाही, तिथे आपल्या घरांतली मुलं ळ-ल सहज सरमिसळ करतात. तांबे यांनी याचसाठी असं केलं, असं मी म्हणत नाही. मराठी कवींनी ळ-ल यमकं इतरत्रही जुळवली आहेत. पण या कवितेचं यमक आपल्याकडच्या उच्चारात अधिक गच्च बसतं हे खरं. मात्र म्हणताना ळ हा ळच म्हणावा. समाधीपाशी मुलांनी ही कविता 'ल'करून म्हटलेली मी ऐकली आहे. मराठीपण पातळ होतं ते असंच, एकेका अक्षरानं.

दुसरी गोष्ट ऱ्हस्व-दीर्घाची. तांबे मात्रेसाठी शब्दांतले दीर्घ स्वर ऱ्हस्व करतात. शेवटच्या कडव्यातला भविष्यकाळ पाहा. पहिल्या छोट्या ओळीत क्रियापदाचा शेवट '-तील' असा दीर्घ आहे. तिसऱ्या छोट्या ओळीत आणि त्यानंतरच्या लांब ओळीत तोच शेवट '-तिल' असा ऱ्हस्व आहे. एकाच कडव्यात एकच प्रत्यय दोन प्रकारे लिहिला म्हणून एखादा काळजीवाहू माणूस तो 'सुधारायला' जातो. तसं केलं की तेराच्या चौदा आणि अठ्ठाविसाच्या एकोणतीस मात्रा होतात आणि ताल मोडतो. ध्रुवपदातही झाशी या नावातली शी ऱ्हस्व करून घेतली आहे, तीही याच कारणानं. फलकावर किंवा कार्यक्रमपत्रिकेत ही कविता छापताना आजच्या शुद्धलेखनाचे नियम तिला लावू नयेत. मूळ ऱ्हस्व तिच्या चालीचे सांधे आहेत.

हिंदीतली बहीण

राणीचं नाव काढलं की आपल्या हिंदी शेजाऱ्यांना सुभद्राकुमारी चौहान यांची कविता आठवते. १९३०च्या 'मुकुल' या संग्रहातली. दोन्ही कविता आजच्या मध्य प्रदेशाच्या भूमीशी बांधलेल्या; सुभद्राकुमारी जबलपूरच्या, तांबे आपले. त्यामुळे तुलना ओघानं येतेच. कोणती थोर हा वाद सोडून घडण पाहू.

हिंदी कवितेची ओळ तीस मात्रांची, सोळा आणि चौदा अशी. हिंदी छंदशास्त्रात या मापाच्या एका चालीचं नावच 'लावनी' आहे. नाव ऐकूनच मराठी माणसाचे कान टवकारतात. तिथे तालाआधीची हाक नाही. ओळ पहिल्या अक्षरापासूनच तालावर चालू लागते. चार ओळींना कडव्याचं यमक, मग पाचवी ओळ घरच्या यमकावर, मग ध्रुवपद. म्हणजे बाहेर जाऊन घरी येण्याची युक्ती दोघांचीही. पण हिंदी कविता राणीचं बालपण, लग्न, वैधव्य, युद्ध असं सगळं चरित्र सांगते, आणि तिचं ध्रुवपद ही कथा बुंदेलखंडातल्या हरबोल्यांच्या तोंडून ऐकली असं सांगतं. कथा आधीच गायली गेली आहे, कवयित्री ती पुढे देते.

तांबे यांच्या कवितेत क्रम उलटा आहे. त्यांच्याकडे गायक अजून आलेले नाहीत. शेवटच्या कडव्यात ते म्हणतात की इथे शाहीर जमतील, शूर माणसं माना लववतील, झाडं आणि झरे आसवं गाळतील, आणि या दगडांनाच जिभा फुटून ते सर्वकाळ कथा सांगत राहतील. सगळं भविष्यकाळात. सुभद्राकुमारींच्या कवितेत शाहीर मागे आहेत, तांबे यांच्या कवितेत पुढे.

मग स्वातंत्र्य कुठे आहे?

आता सुरुवातीचा प्रश्न पुन्हा घेऊ. संस्थानी चाकरीतल्या कवीनं या दगडापुढे काय म्हणावं?

वरवर पाहता कविता वाचकाकडे अगदी साधी गोष्ट मागते: क्षणभर उभा राहा आणि डोळे ओले कर. वाटसरूला थांबवून बोलणारा स्मारकलेख हा जगभरचा जुना प्रकार आहे. थर्मोपिलीच्या खिंडीत पडलेल्या स्पार्टन वीरांचा प्राचीन ग्रीक लेखही वाटसरूशीच बोलतो. मेलेल्यासाठी दोन आसवं मागणाऱ्या माणसावर कोणत्याही सरकारला हरकत घेता येत नाही. आपल्याकडच्या वीरगळांवर तर बहुधा अक्षरही नसतं. नुसता घोडा, तलवार आणि वर स्वर्ग. दगड मुका असतो म्हणूनच तो टिकतो.

तांबे यांची कविता अशा मुक्या दगडाच्या सोयीनं सुरू होते. मग तिच्या आत घोडा दौडू लागतो. कडव्यामागून कडवं आपण तीन उड्या बाहेर मारतो आणि एका लांब ओळीनं परत येतो. ऐकणाऱ्याच्या अंगात आता रडण्याची नव्हे, शाहिरीची लय भिनते. शेवटच्या कडव्यात दगडाला जिभा फुटणार असं कवी म्हणतो तेव्हा ते नुसतं भाकीत राहत नाही. आपण, म्हणणारे, ते आत्ताच पुरं करत असतो. कवितेची पहिली ओळ दगडानं वाटसरूला मारलेली हाक. शेवटच्या ओळीपर्यंत तोच वाटसरू शाहीर झालेला असतो. भविष्यकाळ व्याकरणात आहे, तालात तो वर्तमानकाळ आहे.

एवढंच सांगायला शार्दूलविक्रीडितासारखं भारदस्त वृत्त घेतलं असतं तर? एकोणीस अक्षरं, ठरलेला क्रम, मंगलाष्टकांचा घुमारा. कविता गंभीर झाली असती, पण ती एकट्यानं म्हणायची झाली असती. जातीच्या चालीवर दहा माणसं एकत्र म्हणू शकतात, टाळी धरू शकतात. राजकीय मागणी एका शब्दानं न करता लोकांना एका तालावर आणणं हे त्या काळात लहान काम नव्हतं.

पहिल्या संबोधनाकडेही पाहा. कुळांची नावं मराठी आहेत, रचनेची जात मराठी आहे, पण हाक मराठ्याला नाही, हिंदभूमीतल्या कोणाही बांधवाला आहे. ग्वाल्हेरच्या आपल्या कोड्याला या हाकेत जागा मिळते. आग्र्याला गेलेल्यांचा नातू, राणीला मिळालेल्या शिपायाचा नातू, बुंदेलखंडातला शेतकरी, हुजरातीवरचा दुकानदार, सगळे त्या एका शब्दात येतात. तुझे पूर्वज त्या दिवशी कुठे होते, असं कविता विचारत नाही. तू आत्ता इथे थांबतोस का, एवढंच विचारते.

म्हणून माझी मंडळातल्या सर्वांना विनंती आहे. जूनमध्ये समाधीवर ही कविता म्हणायची झाली तर पहिल्या दोन लांब ओळी सावकाश, प्रत्येक घरातलं तीन-तीन-दोन ऐकू येईल अशा म्हणा. डफ तिथे नको. छोट्या ओळींपासून डफ घ्या आणि लय वाढवा. ध्रुवपदाला परत आलात की डफ थांबवा, आवाज खाली आणा. ऱ्हस्व आहे ते ऱ्हस्व, ळ आहे तो ळ. शेवटचं कडवं मात्र एकट्यानं म्हणू नका, जमलेल्या सगळ्यांना त्यात घ्या. जिभा फुटतील असं लिहिलं आहे ते अनेक दगडांना, एकाला नव्हे.